कावळा शिवत नाही तोवर

सोळा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी एक भुताखेतांची कादंबरी लिहावी आणि तिच्यातले प्रेम मुलीचे मुलीवर किंवा मुलाचे मुलावर असावे, असा विचार गेली दोन वर्षे आमच्या मनात घोळतो आहे. कादंबरी लिहून झालेली नाही. लवकर होईल अशी लक्षणेही नाहीत. परंतु तिच्यासाठी ज्या कल्पना सुचल्या त्यांतल्या बहुतेक का टाकल्या आणि एक का टिकली, हे मांडावेसे वाटते. एकेक कल्पना टाकताना मराठी भुतांविषयी आणि त्याहून अधिक मराठी घरांविषयी काही ना काही हाती लागत गेले. साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या मंडळींना त्याचा उपयोग होवो न होवो, वाद घालण्यापुरते तरी ते कामी यावे.

पहिली अडचण कपाटाची. इंग्रजीत या वयाच्या वाचकाला ग्रंथालयात स्वतःचे कपाट असते. आपल्याकडे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे; पण त्याचे वय ओलांडलेला वाचक एकदम मोठ्यांच्या पुस्तकांपुढे जाऊन उभा राहतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो, चोर पकडतो. त्याच्या जगात कुणाला कुणाकडे पाहून छातीत धडधडत नाही. ही तक्रार नव्हे, त्या पुस्तकांचा वाचकाशी झालेला करारच तसा आहे. मात्र तो करार संपल्यावर आमच्या पिढीने काय वाचले? नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. पांघरुणात, विजेरीच्या उजेडात, घरच्यांची नजर चुकवून. म्हणजे मराठीत या वयाचे वाङ्मय नव्हते असे म्हणणे पुरते खरे नाही. ते होते आणि ते भुतांचे होते. म्हणून भुतांच्या वाटेने जावे असे आम्हांस वाटले.

दुसरी अडचण शब्दाची. 'समलिंगी' हा शब्द कायद्याच्या आणि वैद्यकाच्या दालनातून आलेला. अचूक, पण अंगावर चढवला की इस्पितळाच्या झग्यासारखा वाटतो. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात काढलेल्या संस्थेचे नाव 'समपथिक' आहे. तो शब्द आम्हांस फार आवडतो, परंतु वाईच्या अकरावीतल्या मुलीला तो ठाऊक असण्याचे कारण नाही. तिच्याजवळ स्वतःसाठी शब्दच नाही. आणि येथे भुताची गोष्ट मदतीला येते. कारण मराठी माणूस भुताचेही नाव घेत नाही. रात्री सापाला 'लांबडे' म्हणायचे, भुताला 'बाहेरचे'. ज्या गोष्टीचे नाव घेतल्याने ती येईल अशी भीती असते, तिच्याविषयी सर्वनामांत आणि हातवाऱ्यांत बोलण्याची कला आपल्या घरांत फार जुनी आहे. समलिंगी मुलामुलींविषयीही घरात असेच बोलले जाते: 'त्याचे ते', 'तिचे ते तसले'.

आता कल्पना. सर्वांत आधी रक्तपिपासू पिशाच सुचले, कारण ते सगळ्यांनाच सुचते. त्याला कुळही मोठे आहे. शेरिडन ल फानू यांची 'कार्मिला' १८७२ सालची, म्हणजे ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'हून पंचवीस वर्षे थोरली. तिच्यात पिशाच मुलगी आहे आणि ती जिच्यावर अनुरक्त होते तीही मुलगी. शेवटी वडीलधारी पुरुषमंडळी जमतात, थडगे उघडतात, आणि पिशाचाच्या छातीत खुंटा ठोकतात. टेरी कॅसल या समीक्षिकेने १९९३ साली आपल्या पुस्तकात दाखवले की पाश्चात्य वाङ्मयाने स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला शतकानुशतके छायारूप, भूतरूप करूनच पानावर येऊ दिले. परंपरा मोठी आहे. पण तिला थडगे लागते, पेटी लागते, न कुजलेला देह लागतो. आपल्यातल्या बहुतेकांचे मृत जळतात. देह उरत नाही. उरते ते झाड, विहीर, तिठा, आणि वासना. वासना या शब्दाकडे पुढे येऊच. पिशाचाची कल्पना एका संध्याकाळीच निकालात निघाली.

मग घरची भुते तपासली. कोकणातल्या लोकसमजुतींची एन्थोवेन यांनी संपादिलेली टिपणे १९१५ साली निघाली. त्यांमागची सामग्री मुळात ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवून घेतलेली. हे तेच नाशिकचे कलेक्टर, ज्यांना १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात गोळ्या घातल्या. त्या रात्री प्रयोग 'शारदा'चा होता, म्हणजे एका विजोड लग्नाचाच. असो. सांगायचे ते असे की मराठी मुलखातल्या भुतांची जंत्री काढून बसले म्हणजे ती शिधापत्रिकेच्या अर्जासारखी दिसू लागते. मुंज झाली पण लग्न होण्याआधी गेला, तर मुंजा. निपुत्रिक गेला, तर समंध. नवरा जिवंत असता गेली, तर जखीण. विधवा गेली, तर लावसट. बाळंतपणात गेली, तर हडळ. शिवाय जातीचा रकाना आहेच. मुंजा ब्राह्मणाच्या मुलाचाच व्हायचा. मेलेल्याला विचारण्याचा पहिला प्रश्न 'तू कोण' हा नव्हेच. लग्न झाले होते का, मूल होते का, जोडीदार मागे आहे का, हे आधी. लग्नाचा संस्कार जिथे जिथे अडखळला तिथे तिथे आपल्या समाजाने एक भूत बसवून ठेवले आहे.

हे ध्यानात आल्यावर मुंजा आमच्या कादंबरीत चालत येणार हे उघड होते. पिंपळावर बसलेला, लग्न न झालेला, कधीच मोठा न होणारा मुलगा! त्याला लग्न नकोच होते, आणि घरच्यांनी जी इच्छा अपुरी समजली ती त्याची नव्हतीच, अशी कथा आम्ही पंधरा-वीस पाने लिहिली. २०२४ साली आलेल्या 'मुंज्या' या हिंदी चित्रपटातला मुंजा एका मुलीशी लग्न करण्यासाठी हटून बसतो. आमचा मुंजा नेमका उलटा. कल्पना चमकदार होती, आणि तीच तिची खोड. सोळा वर्षांच्या वाचकाला ती सांगते काय? की तुझ्यासारखा मुलगा पूर्वीही होता. तो अकाली मेला आणि झाडावर बसला. हे त्याला आधीच पुष्कळ ठिकाणी सांगून झालेले आहे. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली मित्रा अखेर आत्मनाश करते. कुंडलकरांच्या २००६ सालच्या 'कोबाल्ट ब्लू'त कुणी मरत नाही, पण ज्याच्यावर भावाचे आणि बहिणीचेही प्रेम बसते तो भाडेकरू नाहीसा होतो आणि मागे उरते ती रिकामी खोली. दोन्ही कृती आम्हांस मोलाच्या वाटतात. दोन्ही मोठ्यांसाठी आहेत आणि मोठ्यांना त्यांचा शेवट पेलतो. मात्र या वाटेवर मेलेल्यांची गर्दी आधीच बरीच आहे, तिच्यात आणखी एक मुलगा ढकलण्याचे आमच्या जिवावर आले. पाने बाजूला ठेवली.

येथे विजयदान देथा यांची आठवण होणे अपरिहार्य होते. राजस्थानीत लिहिणाऱ्या या थोर कथाकाराची, हिंदीत 'दोहरी ज़िंदगी' म्हणून ओळखली जाणारी कथा वाचकांपैकी काहींनी वाचली असेल. दोन सावकार आपल्या होणाऱ्या मुलांचे लग्न जन्माआधीच ठरवतात. दोघांनाही मुली होतात. एकाला हुंड्याचा लोभ सुटत नाही म्हणून तो आपली मुलगी मुलगा म्हणून वाढवतो आणि दोघींचे लग्न लागते. खरे कळल्यावर दोघी एकमेकींना सोडत नाहीत. गाव उठते. त्या पळून जातात त्या थेट भुतांच्या वस्तीत, आणि भुतांचा नायक त्यांना आसरा देतो, वाडा बांधून देतो. पुढे त्यांतली एक पुरुष होऊ इच्छिते, होते, आणि होताच धनीपणा गाजवू लागते. मग पुन्हा स्त्री होते. साऱ्या कथेत सभ्य गृहस्थ काय तो भूतच. भीती गावात आहे आणि निवारा भुतांत. कल्पनांच्या शोधात इतके दिवस आम्ही विचारत होतो ते हे की प्रेम करणारी मुलगी कोणत्या जातीचे भूत होईल. देथांनी प्रश्नच फिरवला: तिला पाहून ज्याला धक्का बसत नाही असे मोठे माणूस कोण? जिवंतांत सापडले नाही, तर मेलेल्यांत पाहावे. मात्र देथांचे भूत सर्वसमर्थ आहे, ते एका झटक्यात वाडा उभा करते. किशोरांच्या कादंबरीला ते चालत नाही. तिच्यात मोठ्यांनी मदत करायची ती अपुरीच. उरलेले पोराने करायचे.

पुढची कल्पना अंगात येण्याची. वाडीवस्तीवर एखाद्या बाईच्या अंगात वारे येते, ती पुरुषी आवाजात बोलते, सासऱ्याला अरेतुरे करते, आणि सासरा हात जोडून ऐकतो. एरवी जे शतकभर चालणार नाही ते घटकाभर चालते. राजन गवसांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या 'जोगवा' या २००९ सालच्या चित्रपटाने देवीला सोडलेल्यांचे दुःख दाखवले, पण त्या घटकाभराच्या मोकळीकीकडे अजून कुणी किशोरांच्या अंगाने पाहिलेले नाही. एक मुलगी अंगात आल्याचे सोंग करते आणि त्या सोंगाआड स्वतःचे खरे बोलते, असे कथानक जवळजवळ जुळले होते.

ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यापाशी अडले. हा मुलगा सतराव्या वर्षी घरच्यांनी देवऋष्याकडे नेला होता. शेजारच्या मुलाला लिहिलेली चिठ्ठी सापडली, एवढेच निमित्त. तीन अमावास्या लिंबू उतरवले, मिरच्यांची धुरी दिली. त्याच्या अंगात बाईचे भूत आहे असे निदान झाले होते. ही हकिकत त्याने आम्हांस पुष्कळ वर्षांनी, हसत हसत सांगितली. धुरीचे सांगताना मात्र तो थांबला आणि चहाच्या कपाकडे पाहत राहिला. महाराष्ट्रात २०१३ साली, नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जो जादूटोणाविरोधी कायदा झाला त्यात भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणे, मारणे, मिरच्यांची धुरी देणे हे नावानिशी गुन्हे आहेत. देवऋष्याऐवजी डॉक्टरकडे नेणाऱ्या घरांसाठी २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असले 'उपचार' म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे कळवले. कागदावर दोन्ही दारे बंद आहेत. या मुलाला आम्ही अंगात येण्याचे कथानक सांगितले. तो म्हणाला, "सर, भुताची गोष्ट मला हवीच आहे. फक्त भूत माझ्यात नको."

हे वाक्य आम्ही भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचे समजतो. मराठीत भुताची गोष्ट निरुपद्रवी नाही. झपाटणे, लागीर होणे, वेड लागणे हे शब्द आपण प्रेमासाठीही वापरतो आणि बाधेसाठीही. कादंबरीत भूत खरे मानले आणि ते मुलीच्या अंगात शिरू दिले, की देवऋष्याचे निदान बरोबर ठरते. धारपांच्या कथांचे यंत्रही आठवावे: बाहेरचे काही घरात शिरते, जाणता पुरुष ते ओळखतो, हुसकावतो, घर पूर्ववत होते. लहानपणी त्या पूर्ववत होण्याने हायसे वाटायचे. पण पूर्ववत घर हीच ज्या मुलीची अडचण आहे, तिने काय करावे? मतकरी या बाबतीत अधिक कामाचे. त्यांच्या गूढकथेत भीती पुष्कळदा नीटनेटक्या मध्यमवर्गी दिवाणखान्यातच जन्मलेली असते, तिला बाहेर हुसकावण्याची सोय नसते. तेव्हा नियम ठरला: आमचे भूत कुणाच्या अंगात येणार नाही, कुणाला घाबरवणार नाही, आणि जिच्यावर कादंबरी आहे ती मुलगी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जिवंत राहील.

हा नियम पाळून जी कल्पना उरली ती दहाव्याच्या घाटावरची आहे. बाबा भांडांच्या 'दशक्रिया'ने पैठणचा घाट एका पोराच्या डोळ्यांनी दाखवला आहे. आम्ही कृष्णाकाठ घेतला, वाईचा. वारलेले आहेत नाना, मुलीच्या वडिलांचे काका. जन्मभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. लग्न केले नाही. तीस वर्षे त्यांच्याच खोलीत त्यांचे एक मित्र राहतात, निवृत्त चित्रकला-शिक्षक. घरात त्यांना सगळे 'ड्रॉइंग सर' म्हणतात. दिवाळीला सरांना फराळाचा डबा जातो. त्यापलीकडे कुणी काही विचारत नाही, कुणी काही म्हणत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा माणसांच्या डोक्यावरची ३७७व्या कलमाची तलवार काढली. २०२३ साली त्याच न्यायालयाने त्यांच्या लग्नाला मान्यता देण्याचे नाकारले. घाटावर याचा अर्थ इतकाच, की सरांना काय म्हणून उभे करायचे ते कुणालाच ठाऊक नाही.

पिंड मांडला आहे. कावळे घाटाच्या भिंतीवर बसले आहेत आणि एकही खाली उतरत नाही. मग आपल्याकडे जे होते ते सुरू होते. नातेवाईक एकेक करून पुढे येतात आणि मृताची अपुरी वासना ओळखण्याचा प्रयत्न करतात. वासना! एकच शब्द; गेलेल्या माणसाच्या राहून गेलेल्या इच्छेलाही तोच आणि ज्या इच्छेचे नाव घरात काढायचे नाही तिलाही तोच. जगात इतरत्रही भुताची इच्छा पुरी करावी लागते, पण ती चारचौघांत, मोठ्याने, अंदाजाने ओळखायची आणि पक्षी परीक्षक, असा विधी आपलाच. "नाना, घर विकणार नाही." कावळा हलत नाही. "तुमची पुस्तके नीट ठेवू." नाही. "प्राजूला खूप शिकवू." एक कावळा मान वाकडी करतो. आणि मग कुणी आत्या म्हणते, "प्राजूचे लग्न थाटात लावून देऊ, नाना, काळजी करू नका."

प्राजू, म्हणजे प्राजक्ता, ही आमची नायिका. अकरावीत आहे, आणि वर्गातल्या एका मुलीवर (जिचे नाव अजून आम्हांला सुचलेले नाही) तिचे मन जडले आहे. कावळा आता उतरला तर नानांची शेवटची इच्छा म्हणून तिचे लग्न ठरल्यात जमा आहे. ती छत्री धरून मागे उभी असते आणि मनातल्या मनात कावळ्याला विनवते, येऊ नकोस. तो येत नाही. तासाभराने गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. सगळे घरी जातात. नाना मात्र राहतात, कारण तिने त्यांची सुटका अडवली.

नानांच्या येण्याची तऱ्हा ठरवायला आम्हांस सर्वांत अधिक मजा आली. ते दिसत नाहीत, बोलत नाहीत. तिच्या वहीच्या समासात मुद्रितशोधनाच्या खुणा उमटू लागतात. पहिला अनुभव भीतीचा नव्हे, अपमानाचा: तिने त्या मुलीला लिहिलेल्या, न दिलेल्या पत्रातले ऱ्हस्वदीर्घ कुणीतरी सुधारलेले. दुसऱ्या पत्रात एक पाल्हाळिक वाक्य कापलेले, आणि खरेच पत्र त्याने बरे झालेले. तिसऱ्यात 'मैत्रीण' या शब्दाखाली रेघ आणि समासात प्रश्नचिन्ह. व्याकरण बरोबर आहे, मग हरकत कशाला? ती महिनाभर त्या प्रश्नचिन्हाशी भांडते. मुद्रितशोधकाला स्वतःचे एक वाक्य लिहिण्याची मुभा नसते. तो फक्त विचारू शकतो, लेखकाला हेच म्हणायचे आहे ना? अशा माणसाचे भूत यापेक्षा अधिक काही करील असे आम्हांस वाटत नाही, आणि किशोरांना हवी तेवढी अपुरी मदत ती हीच.

येथवर कादंबरी सरळ आली. पुढचा प्रश्न सुटत नाही. नानांची वासना सर होते, त्यांना घरातले मानावे, हे प्राजूला समासातल्या खुणांतून कळते. ते मोठ्याने कुणीतरी म्हटल्याशिवाय नाना सुटणार नाहीत. पण जे नानांनी स्वतः तीस वर्षे उच्चारले नाही, ते मेल्यानंतर भर घाटावर उच्चारण्याचा हक्क सतरा वर्षांच्या मुलीला कसा पोचतो? गप्प राहणे ही त्यांची भीती होती की त्यांची निवड होती? जिवंत माणसाचे असले गुपित फोडू नये हे आज सर्वमान्य आहे. मेलेल्याला तोच न्याय का नको? शिवाय ती ते बोलली की पुढचा प्रश्न तिलाच येणार: तुला कसे कळले? म्हणजे एका वाक्यात दोघे उघडे पडतात, एक मेलेला आणि एक जिवंत, आणि दगड फक्त जिवंतावर पडतात.

हा पेच आम्ही त्या जुन्या विद्यार्थ्यापुढे ठेवला. त्याला त्यात फारसा पेच दिसला नाही. त्याचे म्हणणे असे: सगळे पोरीनेच का करायचे? सर तिथे उभे आहेत ना! सत्तरीचा माणूस आहे, त्याला बोलू दे. आणि नसेल बोलायचे तर नाना राहू देत वहीत, इतकी घाई कशाला? कावळ्याचे प्रशस्तिपत्र तिला हवेच असे कुठे आहे? त्याला स्वतःला तर, तो म्हणाला, असा एखादा भुताटकीचा मास्तर आयुष्यभर पुरला असता.

त्याच्या सूचनेप्रमाणे आम्ही वर्षश्राद्धाचे प्रकरण नव्याने मांडले आहे. प्राजू पान वाढते आणि कावळ्यासाठी गच्चीवर नेते. सर निमंत्रण नसता आलेले आहेत. त्यांना उभे कुठे करावे यावर सध्या लेखन अडले आहे. पानाजवळ उभे केले तर आत्या विचारणार की हे कोण लागतात. जिन्यापाशी, लांब उभे केले तर कावळा पान सोडून आधी त्यांच्याकडेच उडत जाईल, आणि मग कुणालाच काही बोलण्याची गरज उरणार नाही. पण तसे झाले तर ते कावळ्याने म्हटले, सरांनी नव्हे. तूर्त ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, हातात चपला धरून उभे आहेत.